विरजणापुरतं मागे ठेवा

पहिल्या एकल प्रदर्शनाची तारीख हातात आली की भेटेल तो एकच विचारतो, चित्रं किती झाली? घरचे विचारतात, मित्र विचारतात, फ्रेमवाला तर दर आठवड्याला विचारतो. मीही आकडा सांगत राहिले. अठरा झाली, एकवीस झाली, दोन राहिली. स्टुडिओत अर्धवट किती आहेत, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. ते पुढे आठ महिने भोवलं, म्हणून पहिल्या प्रदर्शनाच्या तयारीत असलेल्या तुमच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका बंद पडलेल्या वर्कशॉपची पत्र्याची शेड मी भाड्याने घेतली आहे. दोन्ही बाजूंना लेथ चालतात. माझी चित्रंही या पत्र्यांचीच आहेत: गंज, ठिगळं, रिव्हेटच्या रांगा, पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षं ओढलेल्या रेघा. जी. डी. आर्टच्या पदविकेनंतर नऊ वर्षं शाळेत चित्रकला शिकवत संध्याकाळी आणि रविवारी हे काम केलं. मुंबईच्या जहांगीर कलादालनाला अर्ज टाकल्यावर नंबर लागायला किती वर्षं जातात ते तुम्हाला ठाऊकच आहे. माझी चार गेली. तारीख मिळाली ती फेब्रुवारीतली, मंगळवार ते सोमवार, सात दिवस.

तोपर्यंत माझ्या शेडमध्ये कायम पाच-सहा कॅनव्हास वेगवेगळ्या अवस्थेत असायचे. एकावर नुसता जेसो, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, एकावर बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा पहिला पातळ हात, एक अडलेलं म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं, एक संपत आलेलं. ही शिस्त वगैरे नव्हती. ऑइल वाळेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून दुसरं हातात घ्यायचं, एवढंच. पण त्यामुळे एक गोष्ट आपोआप होत होती. एकाचं उत्तर दुसऱ्यात सापडायचं. अडलेल्या चित्रातला राखाडी कशाने मेला होता, हे शेजारच्या नव्या चित्रात पहिला हात देताना कळायचं. चित्र संपलं की आता काय, असा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण पुढचं आधीच सुरू झालेलं असायचं.

तारीख आली आणि मी सगळं संपवायला बसले. अडलेली चित्रं ओढून काढली, पहिला हात दिलेली पूर्ण केली, नवा जेसो लावणं बंद केलं. हॉलचा नकाशा कागदावर काढला, भिंतींचे रनिंग फूट मोजले, प्रत्येक चित्राची चिठ्ठी चिकटवली. निघायला वीस दिवस असताना एका भिंतीवर चार फुटांची जागा रिकामी दिसली. शेडमध्ये तेव्हा एकच अर्धवट कॅनव्हास उरला होता, चार बाय तीनचा. डावीकडे गंजाचा दाट भाग झाला होता, उजवीकडे नुसता थंड निळसर राखाडी, आणि दोघांमध्ये काय व्हावं ते मला कळलेलं नव्हतं. महिनाभर मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत होते. ते मी दोन रात्रींत संपवलं. वाळायला वेळ नव्हता म्हणून ॲक्रिलिकमध्येच, मधोमध एक उभा जोड ओढला, त्यावर रिव्हेट. जोड काढणं मला चांगलं जमत होतं. आधीच्या दहा चित्रांत काढला होता.

पहिली लाल टिकली, म्हणजे विकलं गेल्याची खूण, त्याच चित्राला लागली.

आमच्याकडे दही वाढायला घेताना आई आधी विरजणाला चमचाभर वाटीत काढून ठेवते, मग बाकीचं पानात वाढते. पाहुणे कितीही असोत, त्या वाटीला हात लावायचा नाही. मी तीच वाटी पानात वाढली होती. घरी परतल्यावर दूध होतं, पातेलं होतं, वेळही होता, दही लागेना. नवा कॅनव्हास ताणणं, महागडे रंग आणणं, पहाटे उठणं, सगळं करून पाहिलं.

म्हणून मागे काय ठेवायचं, ते नीट सांगते. कोरा कॅनव्हास नाही. कोरा कॅनव्हास कुठल्याही दुकानात मिळतो, त्यात तुमचं काही नसतं. नुसती सही राहिलेलं चित्रही नाही, ते परत आल्यावर दहा मिनिटांत संपेल आणि तुम्ही पुन्हा तिथेच. ज्यात निम्मा निर्णय झाला आहे आणि निम्मा अडला आहे, ज्याच्यासमोर बसलं की हात शिवशिवतो आणि तरी उत्तर येत नाही, ते ठेवायचं. शक्यतो दोन ठेवा, कारण एखादं तुमच्या अनुपस्थितीत मरतं. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यावर थोडं काम करा आणि मध्येच हात थांबवा. वहीत लिहा: कुठला रंग कशात मिसळला, काय खटकतं आहे, उद्या काय करणार होतात. मोबाइलमधला फोटो पुरत नाही. फोटोत रंग दिसतो, अडचण दिसत नाही. आणि भिंतीवर जागा रिकामी दिसली तर राहू द्या. दोन चित्रांमध्ये श्वास घ्यायला जागा असली तर बघणाऱ्यालाही बरं वाटतं. ठेवलेल्या चित्रांचा आकडा कुणाला सांगू नका, नाहीतर कुणीतरी आपुलकीने म्हणेल, अगं तेही घे की.

प्रवासाबद्दल थोडक्यात. चित्राच्या अंगाला बबल रॅप थेट लावू नका. मी लावला, फुगे आत करून, वर सुतळी आवळली. टेम्पोत ताडपत्रीखाली ऊन आणि दाब बसला, आणि हॉलमध्ये उघडलं तेव्हा जाड ॲक्रिलिकच्या दोन चित्रांवर गोल गोल ठसे उमटले होते. ॲक्रिलिक वाळलं तरी उष्णतेने मऊ पडतं. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेर, कोपऱ्यांना थर्माकोल. ऑइल बोटाला लागत नाही म्हणजे आतून वाळलं असं नव्हे. बर्न्ट अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक आठवडे घेतो, आणि शेवटचं पारंपरिक व्हर्निश द्यायचं तर साधारण सहा महिने थांबतात. व्हर्निश नंतर देता येतं, पण नेण्यापुरतं वाळावं म्हणून शेवटचं ऑइल निदान दोन महिने आधी संपवा.

ते सात दिवस मात्र घाबरू नका. अकरा ते सात उभं राहून पाय दुखतात, पण इतकी माणसं तुमच्या कामासमोर पुन्हा लवकर येणार नाहीत. काळा घोड्याच्या फुटपाथवरून पावसापाण्याचं कुणीही आत शिरतं, तिकीट नाही, ओळख लागत नाही. एक फॅब्रिकेटर आला होता. त्याने एका चित्राजवळ जाऊन सांगितलं, ताई, हा गंज वेल्डिंगच्या बाजूचा आहे, असा वरून येत नाही. त्याचं बरोबर होतं. हे मी लिहून ठेवलं. असं सगळं लिहून ठेवा. किमती आधी ठरवा, चौरस इंचावर ठरवा आणि सोमवारी संध्याकाळी कमी करू नका. मंगळवारी ज्याने पूर्ण किंमत दिली त्याच्याशी ती बेइमानी होते.

आणि हॉलमध्ये उभ्या उभ्या ऑर्डर घेऊ नका. हे मी अगदी कळवळून सांगते आहे. सात चित्रं गेली, भाडं, फ्रेम, टेम्पो, राहणं मिळून पावणेदोन लाखांचा खर्च निघाला, थोडे वर उरले, आणि मी आनंदाने हवेत होते. त्या चार बाय तीनच्या चित्रासारखंच हवं, असं पाच जणांनी सांगितलं. एकाला निळसर हवं होतं, एकाला सोफ्याच्या वर बसेल असं आडवं. मी पाचही ॲडव्हान्स घेतले. शेडमध्ये परतले तेव्हा भिंती कोऱ्या होत्या आणि समोर होती ती फक्त ही यादी. ज्या चित्राचं उत्तर मला कधी सापडलंच नव्हतं, त्याच्या मी पाच नकला केल्या. मधोमध जोड, वर रिव्हेट. तिसऱ्या चित्राच्या वेळी हात इतका सरावला होता की मी फोनवर बोलत रिव्हेट काढत होते. पाचवं दिलं जुलैत. ज्यांनी मूळ चित्र घेतलं होतं त्यांनी त्याच आठवड्यात त्यांच्या दिवाणखान्यातला फोटो पाठवला, खूप प्रेमाने. त्या फोटोत मला फक्त उजवीकडचा राखाडी दिसला. तो अजून वाट बघत होता.

ऑर्डर मागणाऱ्याला नाही म्हणायची गरज नाही. 'एका महिन्याने मी फोन करते' एवढंच म्हणा. ज्याला खरोखर हवं असतं तो थांबतो. माझ्या दुसऱ्या वेळी सहातले दोन थांबले.

ऑगस्ट ते ऑक्टोबर मी काहीच केलं नाही. शेडचं भाडं भरत होते, कुलूप उघडत होते, झाडून परत लावत होते. हे तुमच्या वाट्याला आलं तर एक लक्षात ठेवा, कला संपली असा त्याचा अर्थ नसतो. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करत. न रंगवण्याचे दिवसही त्यांच्या कामात मोडत होते. पण गायतोंड्यांचं नाव सांगून मी स्वतःला जी सूट दिली ती चुकीची होती. त्यांचा रिकामा वेळ बघण्यात आणि विचारात जात होता, माझा फोन चाळण्यात आणि इतरांच्या उद्घाटनांचे फोटो बघण्यात. दोन्हींत फरक आहे, आणि तो आपला आपल्यालाच कळतो. मला उपयोग झाला तो चित्रकार प्रभाकर बरव्यांच्या डायऱ्यांचा. २०१९ मध्ये मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, त्यांचं प्रदर्शन झालं होतं. रोजच्या साध्या वस्तूंबद्दलच्या त्यांच्या नोंदी, बारीक रेखाटनं, हे सगळं ते किती नेमाने करत होते! आणि हा माणूस सुमारे वीस वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होता. पहिल्या प्रदर्शनानंतर नोकरी सोडायचा विचार तुमच्याही मनात येईल. माझ्या आला होता. सोडू नका, निदान दुसरं प्रदर्शन होईपर्यंत तरी.

या काळात सल्ले भरपूर मिळतात. मी एका ज्येष्ठांकडे गेले होते, त्यांनी सांगितलं की चालतंय तेच दहा वर्षं कर, लोक त्याला शैली म्हणतील. ते मनाने वाईट नाहीत. पण त्यांच्या ईझलवर तेव्हा काहीच नव्हतं, ओला ब्रश नव्हता, टर्पेंटाइनचा वास नव्हता. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: ज्याच्या स्टुडिओत आज काम चालू आहे त्यालाच कामाबद्दल विचारावं, मग तो तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असला तरी चालेल. मला सगळ्यात कामाचं बोलणं माझ्याच एका माजी विद्यार्थिनीने ऐकवलं, ती म्हणाली, मॅडम, हे पाचही एकाच दिवशी काढल्यासारखे दिसतात. तसंच फोटो कॅनव्हासवर छापून वरून रंग फिरवणं, टेक्श्चर पेस्ट थापून अमूर्त म्हणणं, कॅटलॉगात मोठ्या नावाचे दोन परिच्छेद पैसे देऊन लिहून घेणं, हे सगळं पहिल्या प्रदर्शनाला खपून जातं. नंतर स्टुडिओत एकटं असताना त्यातलं काहीच सोबतीला येत नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला आणि शेडचा पत्रा गळला. खाली जेसो लावून ठेवलेला कॅनव्हास होता. सकाळी बघते तर वरच्या कडेपासून निम्म्यापर्यंत गंजाच्या पाण्याची तपकिरी रेघ ओघळलेली, आणि एका ठिकाणी ती अडून जरा पसरलेली. मी कॅनव्हास बाहेर काढायला गेले आणि तशीच उभी राहिले. रेघ तिथे का अडली? जवळून पाहिलं तर जेसोचा ब्रश आडवा फिरलेला एक बारीक उंचवटा होता. बर्न्ट सिएना पातळ करून मी रेघेच्या शेजारी दुसरी सोडली, ती तिथेच अडते का बघायला. अडली. त्या दिवशी एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर थेट शेडवर गेले.

तुमचा पत्रा गळेलच असं नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. पण हात पुन्हा चालू करायचा तर मोठा कॅनव्हास समोर घेऊ नका. सहा बाय आठ इंचाचे कागदाचे तुकडे घ्या, रोज एक करा, कुणाला दाखवू नका, फोटो टाकू नका. पंधरा-वीस झाले की त्यातला एखादा पुढचं बोलायला लागतो.

परत आलेली चित्रंही सांभाळा. उभी ठेवा, रंगाला रंग चिकटेल अशी नकोत, खाली लाकडी पट्टी द्या, भिंतीपासून चार इंच दूर. आमच्याकडच्या पावसात एका महिन्यात मागच्या बाजूने बुरशी धरते. सगळी एकदम डोळ्यांसमोर टांगू नका. दोन टांगा, बाकीची भिंतीकडे वळवा.

दुसरं प्रदर्शन गेल्या डिसेंबरात झालं, पुण्यात. एकोणीस चित्रं नेली. टेम्पो भरताना पोराने विचारलं, मॅडम, हे मोठं राहिलं का? ईझलवर पाच बाय चारचं होतं, खालचा तिसरा हिस्सा झालेला, वर नुसता जेसो आणि कोळशाच्या दोन रेघा. राहू दे म्हटलं. वहीत लिहिलं होतं: 'वरचा भाग गंजाचा नको, ओल्या पत्र्यावरच्या आभाळाचा हवा, पण निळा न वापरता.' परत आल्यावर दोन दिवस झोपले, तिसऱ्या दिवशी ती ओळ वाचली आणि राखाडी मिसळायला बसले. अजून तो आलेला नाही. पेन्स ग्रे या निळसर राखाडीत थोडा तपकिरी रॉ अंबर घालून बघते आहे, वाळल्यावर गार पडतो.