बाळाचे नाव शोधताना पणजोबांच्या पिढीपर्यंत जावे

लातूरजवळच्या बाभळगावच्या देशमुख घराण्यातील नावे सार्वजनिक जीवनामुळे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. वडील दगडोजीराव, मुलगा विलासराव आणि नातू अमित, रितेश व धीरज. अवघ्या तीन पिढ्यांत नावांची घडण किती बदलली हे यावरून लक्षात येते, आणि मराठवाड्यातील बहुतेक घरांत, मग ते घर गढीतले असो की तांड्यावरचे, थोड्याफार फरकाने असाच क्रम सापडतो. आता पुढची पिढी पाळण्यात आली आहे आणि तिच्यासाठी नाव शोधणारे आईवडील मोबाइलवरच्या याद्या चाळत आहेत. त्या याद्यांमुळे परभणीच्या बाळाला आणि गुडगावच्या बाळाला एकच नाव मिळते, आणि दोन्हीकडचे आईवडील ते नाव आगळेवेगळे आहे असे समजून ठेवतात. ज्यांना खरोखर वेगळे नाव हवे आहे त्यांनी शोध आपल्या घरापासून आणि आपल्या मुलखापासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे. तो शोध कसा घ्यावा आणि नाव ठरल्यावर काय करावे, हे पुढे क्रमाने सांगतो.

नावांची चाल ओळखावी

नाव साधारणपणे आधी शहरात रुजते, मग तालुक्याच्या ठिकाणी येते आणि तेथून वाडीवस्तीवर पोहोचते. तोपर्यंत शहराने ते सोडून दिलेले असते. आईवडिलांच्या पिढीतील नावे आपल्याला शिळी वाटतात, कारण त्या नावांची माणसे रोज समोर वावरत असतात. आजीआजोबांची नावे वयस्कर वाटतात. पणजोबा-पणजीच्या नावांना मात्र आपल्या आठवणीत चेहराच नसतो, म्हणून ती पुन्हा ताजी वाटू लागतात. मुक्ता, मल्हार, सई ही नावे गेल्या काही वर्षांत परतली, ती याच वाटेने.

मराठवाड्यात या चालीला इतिहासाचीही जोड आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. मराठी शाळा, वर्तमानपत्रे, रेडिओ आणि सिनेमा खेड्यापाड्यांत पोहोचू लागले आणि पुढच्या दोन दशकांत ज्ञानोबा, किसन, मारोती, नागोराव यांच्या घरी सुभाष, विलास, अशोक, सुरेश, सुनीता, संगीता जन्माला आले. त्यानंतर सचिन, अमोल, राहुल, अश्विनी, पूजा आले. मग अथर्व, वेदांत, ऋतुजा, समृद्धी. आणि आता शिवांश, रेयांश, आरोही, स्वरा.

एक बदल मात्र चाल म्हणून मोजू नये. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. भिक्खू नागसेनाशी संवाद करणाऱ्या मिलिंद राजाचे नाव पुढे त्याला मिळाले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर मिलिंद, नागसेन, सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा ही नावे घराघरांत आली. एका संपूर्ण समाजाने आपल्या मुलांची नावे विचारपूर्वक आणि एकत्रितपणे बदलली, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे क्वचितच असेल. नाव ही निवड आहे आणि ती जाणीवपूर्वक करता येते, हे त्या पिढीने दाखवून दिले.

घरातील चार पिढ्यांची यादी करावी

बाळंतपणाच्या आधीच, सातव्या-आठव्या महिन्यात, सासर आणि माहेर अशा दोन्ही घरांतील चार पिढ्यांची नावे वहीत उतरवून घ्यावीत. आजी, चुलत आजोबा, गावातील सर्वांत वयस्कर भाऊबंद यांच्याशी निवांत बोलावे. स्त्रियांची नावे मुद्दाम विचारावीत, कारण लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे पणजीचे माहेरचे नाव सासरच्या कोणालाच ठाऊक नसते आणि ते तिच्या भाच्यांकडेच मिळू शकते. कागदपत्रांतही नावे सापडतात: जुने फेरफार, पन्नासच्या दशकातील खासरा पाहणी पत्रक (जमिनीची जुनी नोंद), शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, आणि त्र्यंबकेश्वर किंवा काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या.

या यादीत दगडू, धोंडीबा, केरबा, कचरू, नथू अशी नावे निघाली तर हसू नये. आधीची मुले दगावलेल्या घरात, नव्या बाळाकडे मृत्यूचे लक्ष जाऊ नये म्हणून आईवडिलांनी त्याला दगड, केर, कचरा म्हटले. मुलाच्या नाकात नथ घालून त्याला नथू म्हटले. त्या नावांत त्या माणसांची भीती आणि माया दोन्ही आहेत. शिवाय अशा नावाने कोणाचे कर्तृत्व अडत नाही. रझाकारांविरुद्ध हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढलेल्या दगडाबाई शेळके यांचे नाव जालना जिल्ह्यात आजही आदराने घेतले जाते. असे नाव आज शाळेच्या दाखल्यावर घालावे असा माझा आग्रह नाही, पण घरातील लाडाचे नाव म्हणून ते जपायला हरकत नसावी.

नकोशी, नकुसा ही नावे मात्र निराळी आहेत. ती बाळाला वाचवण्यासाठी दिली जात नव्हती. पुढच्या वेळी मुलगा व्हावा म्हणून दिली जात होती. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर 1000 मुलग्यांमागे 807 मुली होत्या. मुलीच्या नावात आपल्या निराशेची छटासुद्धा येऊ देऊ नये, आणि घरातील वडीलधारी तसे सुचवत असतील तर तेथे नमते घेऊ नये.

मुलखाकडे पाहावे

घरातील यादी अपुरी पडली तर गोदावरीच्या खोऱ्याकडे वळावे. येथे इतकी नावे पडून आहेत की एका बाळासाठी निवड करणे अवघड जावे. नरसीच्या नामदेवांचे घर पाहा. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, मुलगे नारा, महादा, गोंदा, विठा आणि सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई अशी नावे परंपरेने सांगितली जातात. साडेसहाशे वर्षांपूर्वीची ही नावे आज एखाद्या मुलीला ठेवली, तर येसाई किंवा गोडाई हे नाव अंगणवाडीत दुसऱ्या कोणाचे असण्याची शक्यता फार थोडी आणि उच्चारायला मात्र कोणालाही अडचण नाही. गंगाखेडच्या जनाबाईंवरून जनाई, आपेगावच्या भावंडांवरून निवृत्ती, सोपान, मुक्ता, पैठणच्या एकनाथांच्या घरातून गिरिजा आणि गंगा. चक्रधरस्वामींच्या शिष्यांत बाइसा, आउसा, महदाइसा होत्या. यांतील महदाइसा, म्हणजेच महदंबा, या आद्य मराठी कवयित्री मानल्या जातात. प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही सातवाहनांची राजधानी होती. त्या घराण्यातील नागनिका आणि बलश्री ही राण्यांची नावे आजच्या कोणत्याही यादीतल्या नावापेक्षा कमी नाहीत.

देवस्थानांची नावे तर गावोगावी वापरात होती आणि ती भूगोलाप्रमाणे बदलत होती. परळीभोवती वैजनाथ, औंढ्याकडे नागनाथ व नागोराव, माहूरकडे रेणुका, रेणुकादास, अनुसया, अंबाजोगाईकडे योगेश्वरी व अंबादास, तुळजापूरकडे तुळजाराम. लोह्याजवळच्या माळेगावच्या खंडोबामुळे खंडेराव, मल्हारी, मार्तंड, म्हाळसा. देगलूर-बिलोली पट्ट्यात तेलंगणाच्या शेजारामुळे बालाजी आणि व्यंकट. बीड जिल्ह्यातील कपिलधारच्या मन्मथस्वामींमुळे वीरशैव घरांत मन्मथ. स्वामी रामानंद तीर्थांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश होते आणि जांबच्या समर्थ रामदासांचे नारायण. संन्यासाने नावे बदलली तरी मूळ नावांतून कुळाची उपासना ओळखू येते.

हिंदू घरांतील पिराजी आणि फकीरराव ही नावेही या यादीत आग्रहाने ठेवावीत. वेरूळच्या मालोजीराजांनी शाह शरीफ या पिराच्या नावावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे सांगितले जाते, आणि पीर व दर्ग्यांना नवस बोलण्याची रीत मराठवाड्याच्या खेड्यांत पुढे कित्येक पिढ्या टिकली.

मुलींसाठी आणखी एक भांडार आहे. काशीबाई, गयाबाई, प्रयागबाई, मथुराबाई, द्वारकाबाई, गोदावरी, भागीरथी, चंद्रभागा, कुशावर्ता. ज्यांना आयुष्यात काशीयात्रा घडण्याची शाश्वती नव्हती, त्यांनी लेकींना हाक मारताना तीर्थाचे नाव तोंडी यावे अशी सोय केली. मागचे ‘बाई’ काढले तरी प्रयाग, गोदा, मथुरा ही नावे आजच्या कानाला पूर्ण वाटतात.

अर्थ शब्दकोशात पाहावा

नव्या घडणीचे नावच आवडले असेल तर ते जरूर ठेवावे, पण याद्यांमध्ये दिलेल्या अर्थावर विसंबू नये. आरव या नावाचा अर्थ अनेक ठिकाणी ‘शांत’ असा दिलेला असतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज किंवा आरोळी. रेयांशमधील ‘रेय’ संस्कृत शब्दकोशात सापडत नाही. हृषीकेश म्हणजे इंद्रियांचा स्वामी. ते ऋषिकेश असे लिहिले की मूळ अर्थ हरवतो. गावातील संस्कृतच्या शिक्षकांना, उर्दू किंवा अरबी नाव असेल तर जाणत्या मौलवींना, आणि पाली नाव असेल तर भंतेजींना विचारण्यात संकोच बाळगू नये.

राशीचे अक्षर ज्या घरात पाहतात तेथे अवकहडा चक्रातील 27 नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांप्रमाणे 108 अक्षरे येतात. अश्विनीला चू, चे, चो, ला, तर रोहिणीला ओ, वा, वी, वू. आर्द्राच्या एका चरणाला ङ, हस्ताच्या एका चरणाला ण आणि उत्तराभाद्रपदेच्या एका चरणाला ञ येतो. या अक्षरांनी सुरू होणारे नाव मराठीत व्यवहारात नाही, म्हणून ओढूनताणून काही घडवण्यापेक्षा नावरसाचे, म्हणजे राशीच्या अक्षरावरून येणारे, नाव पत्रिकेपुरते ठेवून व्यवहाराचे नाव मोकळेपणाने निवडावे. बारशाला आत्या बाळाच्या कानात दोन्ही नावे सांगतेच.

हाक मारून पाहावी

निवडलेले नाव अंगणातून, शेताच्या बांधावरून मोठ्याने हाक मारून पाहावे आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाला ते चार वेळा उच्चारायला सांगावे. आपल्याकडे विठ्ठलचा इठ्ठल, व्यंकटचा यंकट आणि ज्ञानेश्वरचा ज्ञानोबा सहज होतो. लांब नाव छोटे होणारच. ते कसे छोटे व्हावे हे आईवडिलांनी आधीच ठरवून तीच हाक रुळवावी. त्यानंतर अंगणवाडीच्या ताईंना विचारावे की या नावाची मुले पटावर किती आहेत. दोन-तीन असतील आणि वेगळेपणच हवे असेल, तर यादीतील पुढचे नाव घ्यावे.

नोंद करताना

जन्माची नोंद जन्मापासून 21 दिवसांत करायची असते आणि ती जन्म जेथे झाला तेथे होते. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची आपली रीत असल्यामुळे ही नोंद बहुधा माहेरच्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा तेथील सरकारी रुग्णालयात असते. नाव चढवण्यासाठीही तेथेच जावे लागते, हे विसरू नये. नाव ठरले नसेल तर घाई करण्याचे कारण नाही. नावाशिवाय नोंद करता येते, पहिल्या 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून नोंदणीपासून 15 वर्षांपर्यंत ती सोय असते. तरीही हे काम लांबवू नये, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच धरले जाते.

1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचे नाव महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. पैठणच्या सातवाहन राजांनी गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणून आईचे नाव अभिमानाने मिरवले होते, त्यामुळे ही पद्धत मराठवाड्याला परकी वाटू नये. चारही शब्द एकत्र उच्चारून पाहावेत. आईचे आणि वडिलांचे नाव लांब असेल तर बाळाचे नाव दोन-तीन अक्षरी असलेले बरे.

सर्वांत जास्त त्रास रोमन लिपीतील वर्णलेखनाचा होतो. ज्ञ हे अक्षर कोणी डी-एन-वाय असे लिहितो तर कोणी जी-वाय. अथर्वच्या शेवटी कोणी ए लावतो, कोणी लावत नाही. ळ साठी तर स्वतंत्र अक्षरच नाही. म्हणून देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींतील नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद अर्जासोबत द्यावा, तोंडी सांगू नये. आधार, लसीकरण कार्ड आणि पुढे शाळेचा दाखला यांवर तेच वर्णलेखन राहील याकडे लक्ष द्यावे, कारण नंतर नाव बदलायचे झाल्यास शासन राजपत्रात जाहिरात देण्यापासून प्रत्येक कागद दुरुस्त करण्यापर्यंत सारे पुन्हा करावे लागते. प्रमाणपत्र हाती आल्यावर बाळाचे, आईचे आणि वडिलांचे नाव, काना-मात्रा-वेलांटीसह, त्याच खिडकीपाशी उभे राहून वाचावे आणि चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज तेथेच देऊन त्याची पोच घ्यावी.