थ्री-नॉट-थ्रीच्या लहान बहिणीवर ग्रुपिंग (सगळ्या गोळ्या एकाच जागी लागणं) कसं आणायचं

एनसीसीत माझ्या हातात पहिल्यांदा आली ती जुनी पॉइंट टू टू रायफल, थ्री-नॉट-थ्रीसारखीच ली-एनफिल्डच्या घराण्यातली, बोल्टही (गोळी आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) तसाच, फक्त मॅगझिनमध्ये 10 राउंड भरायचे लाड नाहीत, एकेक हाताने घालायचा. दुर्बीण वगैरे विसरा.

पालथं झोपा, अंग जरासं तिरकं, डावं कोपर जवळजवळ रायफलच्या खाली. बट (रायफलचा मागचा भाग) खांद्याच्या खळग्यात घट्ट आणि गाल दरवेळी त्याच जागी. मागच्या साईटच्या खाचेच्या मधोमध फोरसाईटचं (नळीच्या पुढच्या साईटचं) टोक, त्याच्यावर काळ्या गोलाची खालची कड. नजर टोकावरच ठेवा, टार्गेट धूसर दिसलं तर दिसू दे, इथेच सगळे गंडतात. श्वास अर्धा सोडून थांबा, ट्रिगर हळूहळू दाबत राहा, ओढू नका (मी ओढायचो, पाचही गोळ्या खाली उजवीकडे!). श्वास पुरेना तर बोट काढा, परत सुरुवात.

आधी पाच गोळ्या एका जागी येऊ देत, मध्यावर आणायचं काम नंतर साईटचं. उठायच्या आधी बोल्ट उघडा, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याचं दाखवा.

आणि ठाण्याचा पाऊस म्हणजे गंज ठरलेलाच, त्यामुळे त्याच दिवशी बॅरलमधून तेलाची चिंधी फिरवा, चहा नंतर.