युएन मिशनवर निघालात? मेडलचं आधी समजून घ्या

पल्टणीतून पहिल्यांदा युएन मिशनवर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, निघालेली पोरं दोन गोष्टी हमखास विचारतात, भत्ता किती आणि मेडल कधी. भत्त्याचं तुमचा क्लार्क सांगेल. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, काँगोत गोम्याच्या आपल्या हॉस्पिटलात राहिलो, म्हणून मेडलचं सांगतो.

युएनचं कांस्य मेडल सगळीकडे एकाच धाटणीचं. ते ज्या रंगीत पट्टीला लटकतं ती फीत मात्र प्रत्येक मिशनची निराळी. काँगो करून पुढे दक्षिण सुदानला गेलात, तर दोन वेगळी मेडलं छातीवर येतात. त्याच मिशनवर पुन्हा गेलात तर दुसरं मेडल नाही. ठरलेले दिवस भरले की फितीवर अंक लागतो. पहिल्या मेडलला बहुतेक मिशनमध्ये सलग 90 दिवसांची सेवा लागते. हे दिवस मिशनवरचे, दिल्लीतलं ट्रेनिंग त्यात धरत नाहीत.

फीत वाचायला शिका. 1956 साली सुएझच्या लढाईनंतर इजिप्तमध्ये युएनची फौज उतरली, त्यात आपले जवान होते. त्या फितीचा वाळूसारखा रंग सिनाईच्या वाळवंटाचा, मधला निळा पट्टा युएनचा, आणि कडेच्या बारीक रेघा सुएझ कालवा आणि नाईलच्या खोऱ्याच्या. जुन्या सुभेदार साहेबांच्या छातीकडे नुसतं बघून ते कुठे कुठे राहिले ते कळतं, आणि मग त्यांच्याशी बोलायला विषय मिळतो. मी बरंच काही असंच शिकलो.

मेडल परेडची, म्हणजे मेडल छातीवर लावतात त्या संचलनाची, तयारी रात्रपाळी संपवून करावी लागते. गोम्यात 2002 च्या ज्वालामुखीचा काळा दगड गावभर आहे, पॉलिश केलेले बूट दहा मिनिटांत धुळीनं राखाडी होतात. तरीही ती परेड मनापासून करा. याच काँगोत 5 डिसेंबर 1961 ला कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया एलिझाबेथव्हिलला (आताचं लुबुम्बाशी) लढताना पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. त्याच वर्षी युएनचे महासचिव डाग हमरशोल्ड काँगोच्या युद्धविरामासाठी जाताना विमान अपघातात गेले. मिशनवर प्राण देणाऱ्यांना आज त्यांच्याच नावाचं पदक दिलं जातं. तुमच्या फितीला हा वारसा आहे.

आता कागद. युएनच्या मेडलखेरीज आपल्या सरकारचं विदेश सेवा पदक आहे, 1960 पासूनचं, त्यावर देशाच्या नावाची पट्टी लागते. दोन्हींची गल्लत करू नका. गणवेशावर आपली पदकं आधी, युएनचं नंतर. परत आल्यावर रजेचा फॉर्म भरण्याआधी ऑफिसात जा आणि तुमच्या नावाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेच्या नोंदीत मेडल चढवणारा आदेश, निघाली का ते स्वतः बघा. नंबर, नाव, तारखा अक्षर न् अक्षर ताडून घ्या, आणि युएनच्या प्रमाणपत्राची एक प्रत घरी, एक आपल्या ट्रंकेत ठेवा.