मिशनच्या बालगृहात सेवेला जायचंय? मग आधी हे बघून घ्या

सुट्टी जवळ आली की चर्चमधली तरुण मंडळी विचारायला लागतात, गावाकडच्या एखाद्या मिशनच्या बालगृहात आठ दिवस सेवेला जायचंय, कसं करायचं? जा की, पण फोन करून पहिलं हे विचारा की ते बालगृह आहे का नुसतं होस्टेल, कारण दोन्हीचं गणित वेगळं असतं. बालगृहाची 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी लागते आणि मूल तिथे बालकल्याण समितीच्या आदेशाने राहतं. होस्टेलच्या पोरांना बहुतेक वेळा आईबाप असतात, ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर गेलेले, किंवा वस्तीपासून हायस्कूल लांब म्हणून ठेवलेली पोरं. त्यामुळे मे महिन्यात होस्टेलला गेलात तर रिकाम्या खोल्याच दिसतील, सगळे घरी पळालेले असतात. नोंदणी आहे का, कधीची आहे हे बिनधास्त विचारा, चांगली संस्था चिडत नाही, आणि चिडलीच तर दुसरी शोधा सरळ.

तुमचीही चौकशी होणार, व्हायलाच पाहिजे. आधार, तुमच्या पाळकांचं पत्र, पोलिस व्हेरिफिकेशन, हे सगळं मागतील आणि त्याला वेळ लागतो म्हणून महिना-दीड महिना आधीच सुरू करा. जी संस्था काहीच न विचारता "या या, कधीपण या" म्हणते आणि लगेच पोरांच्यात सोडते तिची मला जास्त भीती वाटते.

परदेशातून येणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाचं. मिशनरी कामासाठी भारताचा मिशनरी व्हिसाच लागतो, टुरिस्ट व्हिसावर ते चालत नाही, आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी 2021 पासून अशा कामाला स्पेशल परमिशन काढावी लागते. पैसे द्यायचे असतील तर परदेशी नागरिकाची देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची परवानगी पाहिजे, खिशातून डॉलर काढून वॉर्डनच्या हातात ठेवू नका, नंतर निस्तरायला त्यांनाच लागतं. भारतात राहणाऱ्यांनी देणगीवर आयकरात सूट हवी असेल तर 2000 रुपयांच्या वर कॅश देऊ नये.

आता खरं काम. सगळ्यांना पोरांशी खेळायचं असतं, गाणी शिकवायची असतात, पण पोरांशी खेळायला माणसं तिथे येतच असतात. कमी पडतात ती हाऊस मदर, म्हणजे पोरांना सांभाळणाऱ्या मावशींच्या हाताखाली राबणारी. स्वयंपाकघरात ज्वारी निवडणं, डाळ निवडणं, गळका नळ, उडालेली ट्यूब, शिलाई मशीनवर उसवलेले युनिफॉर्म, स्टॉक रजिस्टर एक्सेलमध्ये घालून देणं, हे येत असेल तर तुमची किंमत सोन्याची. केडगावचं मुक्ती मिशन बघा, 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या तेव्हा नुसती प्रार्थना करत बसल्या नाहीत, शेती, विणकाम, छापखाना सगळं उभं केलं आणि त्यांनी मराठीत आणलेलं बायबलसुद्धा तिथल्याच मुलींनी छापलं. कामाला लाजणारा माणूस मिशनमध्ये कधीच खपला नाही.

शिकवायचंच असेल तर दहावीचं गणित किंवा इंग्रजी घ्या आणि दिवाळीनंतर सलग शनिवार-रविवार जात राहा, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड असतं. आठ दिवस खूप लाड करून गायब होणारी माणसं या पोरांनी भरपूर बघितलीत. लहानगी पहिल्याच दिवशी मांडीवर येऊन बसतात, तेव्हा आपल्याला वाटतं किती प्रेम! पण "परत येईन" असं येणार असाल तरच म्हणा. आणि "तुझे आईबाबा कुठेत?" हे कोणालाच विचारू नका.

फोटोचं तर वारंवार सांगून तोंड दुखलं. बालगृहातल्या पोरांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, बाल न्याय कायद्याचं कलम 74, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहऱ्यावर इमोजी लावून स्टेटस टाकणाऱ्यांनो, खाली युनिफॉर्मवर शाळेचं नाव दिसत असतं. फोन सरळ बॅगेत ठेवा. पोराबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, गुपचूप चॉकलेट-पैसे द्यायचे नाहीत, स्वतःजवळची औषधं द्यायची नाहीत. काही वावगं दिसलं किंवा पोरानं काही सांगितलं तर स्वतः तपास करत बसू नका, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असला तरी पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संस्थेचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसलात तर तुम्हीही अडकता.

संध्याकाळच्या उपासनेला बसा, पेटी वाजवता येत असेल तर वाजवा, पोरं खूश होतात. पण पोरं सगळ्या धर्मांची असतात, त्यांना कोपऱ्यात घेऊन बाप्तिस्म्याचं बोलायचं नाही. काहीजणांना हे पटत नाही, मग त्यांनी येऊ नये एवढंच.

सामान नेताना आधी मावशींना विचारा. जुने कपडे आणि वाढदिवसाचे केक ढिगाने येतात, कमी पडतात ते सॅनिटरी पॅड, गोडंतेल, दोनशे पानी वह्या, उवांचं औषध, अंगाचा साबण. स्वतःसाठी टॉर्च, पाण्याची बाटली, पांघरूण आणि अंगभर कपडे घ्या. गावात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि मोटर बंद म्हणजे पाणी बंद, तेव्हा सकाळी लवकर उठून अंघोळ उरकून घ्या नाहीतर बसा दुपारपर्यंत.