गीक विडंबनगीताचा व्हिडिओ करताय? या चुका टाळा

गेम, कॉमिक्स, विज्ञानकथा यांचं वेड असलेल्या, म्हणजे गीक, चार मैत्रिणी, सगळ्यांच्या ओठावर असलेली एक पॉप चाल, कॉस्प्लेचे (आवडत्या पात्राच्या वेशाचे) कपडे आणि एक बरा कॅमेरा. एवढ्या भांडवलावर व्हिडिओ नक्की होतो, हसू येईलच असं नाही. फसलेले बहुतेक व्हिडिओ शूटिंगच्या आधीच, कागदावर फसलेले असतात.

नुसती नावं घेणं

पहिल्या कडव्यात 'स्टार वॉर्स'चा योडा, दुसऱ्यात व्हिडिओ गेममधली झेल्डा, मग 'स्टार ट्रेक'चा स्पॉक, मग भूमिका घेऊन खेळायच्या खेळांतला वीस बाजूंचा फासा. प्रत्येक नावाला 'अरे, हे मला माहितीये' एवढी दाद मिळते आणि गाडी तिथेच अडते. मिनिटभरात प्रेक्षकाला कळून चुकतं की पुढेही हजेरीच आहे.

आता कोणी म्हणेल, टीम युनिकॉर्नने तरी दुसरं काय केलं? क्लेअर ग्रँट, मिशेल बॉइड, राइलिया व्हँडरबिल्ट आणि मिलिन सार्ली या चौघींच्या अमेरिकी गटाने 2010 मध्ये केटी पेरीच्या 'कॅलिफोर्निया गर्ल्स'च्या चालीवर 'गीक अँड गेमर गर्ल्स' केलं. सेथ ग्रीन आणि स्टॅन ली पाहुणे म्हणून आले. त्यातही नावांची रांग आहे, हे खरं. पण मूळ गाणंच मिरवण्याचं आहे: आमच्याकडच्या पोरी बघा! मिरवणाऱ्याने आपल्याकडचं एकेक काढून दाखवलं तर ते शोभतं. शिवाय गीक मुली युनिकॉर्नसारख्या, म्हणजे जगात नसतातच, या समजाची खोडी गटाच्या नावातच काढलेली होती. यादी चालली ती या दोन आधारांवर.

तुमची चाल विरहाची असेल तर यादी तिथे आपटणार. विरहगीताला तक्रार हवी, आणि तक्रारीला कोणीतरी समोर हवं. 'सेव्ह न करता बंद केलंस तू, चार तासांची लढाई गेली' या ओळीत एकाही पात्राचं नाव नाही, तरी गेम खेळणारा माणूस कळवळतो आणि न खेळणाऱ्यालाही भांडण समजतं. लिहून झालं की सगळी विशेषनामं झाकून गाणं वाचून बघा. उरलेल्यात कोणाचा तरी राग, हेवा, हट्ट दिसला तर पुढे जा. काहीच उरलं नाही तर पुन्हा लिहायला बसा.

चालीत कोंबलेले शब्द

अक्षरं मोजून ओळ बसते असं वाटतं आणि गायला गेलं की जीभ अडखळते. इंग्रजी गाण्यात शब्दाचा आघात ठेक्यावर पडावा लागतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्स'मधल्या जादूगाराचं नाव घ्या: 'गॅन्डाल्फ'मधलं पहिलं अक्षर जोरात आहे. ते निसटत्या मात्रेवर टाकून 'डाल्फ' समेवर आणलं की विनोदाआधी चूक कानाला खुपते. ओळ गाऊ नका, आधी ठेका धरून नुसती बोला. गटातल्या जिला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तिला बोलायला लावा. ती जिथे थबकेल तिथे दुरुस्ती. ध्रुवपदात मात्र मूळच्या शब्दांशी नाद जुळलाच पाहिजे. कडव्यात थोडं इकडेतिकडे झालं तर कोणी विचारत नाही.

परीक्षा द्यायला बसणं

बायकांच्या गटाची ही खास चूक. 2012 च्या सुमारास अमेरिकेत 'नकली गीक मुली' या आरोपावर बरीच धुळवड झाली, आणि अजूनही कोणीतरी 'मग या कॉमिकच्या अंकाचा नंबर सांग' म्हणून उभा राहतो. त्याला उत्तर म्हणून अख्खं कडवं आपली विद्वत्ता सिद्ध करण्यात घालवलं की गाण्याचं प्रतिज्ञापत्र होतं. परीक्षा घेणाऱ्यालाच पात्र करा. तो प्रश्न विचारत राहील, मुली आपला डाव संपवून मोकळ्या होतील. माझ्या मते यात जास्त हशा आहे आणि कष्ट निम्मे.

'विडंबन आहे, चालतं' या भरवशावर राहणं

इथे घोडं पेंड खातं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये कॅम्बेल विरुद्ध अकफ-रोझ खटल्यात म्हटलं की पैसे कमावणारं विडंबनही 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवाय केलेला पण कायद्याला मान्य वापर, ठरू शकतं. पण त्याच निकालात एक मेख आहे: मूळ गाण्यावरच टीका करणाऱ्याला ते गाणं उचलण्याचं कारण असतं, भलत्याच विषयाची टिंगल करायला कोणाची चाल वापरली तर तो दावा लंगडा पडतो. गीक विडंबनं बहुतेक याच दुसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणून मूळ गाण्यालाही दोन चिमटे काढा. विनोद सुधारतो आणि बाजूही भक्कम होते. वियर्ड अल यान्कोविकसारखा विडंबनगीतांत मुरलेला अमेरिकी गायकही कलाकाराची परवानगी विचारतो, ते उगाच नाही.

कराओके ट्रॅक विकत घेतला म्हणजे व्हिडिओत वापरण्याचा हक्क मिळाला, हाही गैरसमज. वाद्यं स्वतः वाजवली तरी चाल दुसऱ्याचीच राहते. यूट्यूबवर 'कंटेंट आयडी'चा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा, दावा आला तर घाबरून व्हिडिओ उडवू नका. बहुतेक वेळा जाहिरातीचं उत्पन्न मालकाकडे जातं किंवा काही देशांत व्हिडिओ दिसत नाही. कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला गेल्याचा ठपका, वेगळी: 90 दिवसांत तीन झाल्या तर चॅनेल जाऊ शकतं.

ओठ आणि गाणं जुळत नाही

सुरुवातीला जुळतं आणि शेवटाकडे सरकत जातं? फोनवर शूट केलं असेल तर संशय बदलत्या फ्रेमरेटवर (कॅमेरा सेकंदाला किती चित्रं टिपतो त्यावर) घ्या. एडिटला बसण्याआधी क्लिप स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या. सुरुवातीपासूनच सारखाच फरक असेल तर नुसता ट्रॅक सरकवून भागतं. त्यासाठी प्रत्येक टेकला टाळी वाजवा, आणि गाण्याआधी चार ठोके ऐकू येतील असा ट्रॅक सेटवर लावा. स्लो मोशनमध्ये गायचं असेल तर सेकंदाला 48 फ्रेमवर शूट करताना गाणं दुप्पट वेगाने वाजवा. 24 वर आणलं की हालचाल संथ, ओठ मात्र मूळ वेगातल्या गाण्याशी बरोबर. दुप्पट वेगात गाताना सगळ्यांची फजिती होते, ती फुटेज जपून ठेवा.

पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा घातलेली मुलगी गाते आहे हे कोणाला कळत नाही. तिला ओळी देऊ नका, नाहीतर हात आणि मान भरपूर हलवायला सांगा. एलईडीची तलवार कॅमेऱ्यात लुकलुकत असेल तर तिचा प्रकाश पूर्ण वाढवा किंवा शटर हळू करा, कारण मंद केलेला एलईडी बहुतेक वेळा भराभर चालूबंदच होत असतो.

सबटायटल शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. आपोआप आलेल्या मजकुरात पात्रांच्या नावांची हमखास वाट लागलेली असते, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला निम्मे विनोद तिथेच वाचायचे असतात.