बेसबॉलच्या मैदानावर ऑर्गन वाजवायचा असेल तर

भजनाला साथ करता, कानाने गाणी बसवता, म्हणून बेसबॉलच्या सामन्यात, खेळ थांबला की गर्दीला चेतवायला वाजवतात तो ऑर्गन सहज जमेल असं धरून चालू नका. मी पेटीवरून या वाद्याकडे आलो. अमेरिकेतल्या एका छोट्या मैदानावर उन्हाळ्यात वाजवतो, आणि पहिल्या इनिंगला अजून हात गार पडतात.

सगळ्यात मोठा खड्डा आवाजाचा. ऑर्गन तुमच्या बोटांखाली, पण स्पीकर सेंटर फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या समोरच्या टोकाच्या मागे, सव्वाशे मीटरवर असू शकतात. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तुमचाच सूर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त उशिरा कानावर पडतो. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर जवळजवळ पाऊण मात्रा मागे! कान सांगतो थांब, बोटं थांबतात, पुढचा सूर आणखी उशिरा येतो आणि लय पडते. वर लोकांच्या टाळ्या. त्या स्पीकरमधून आलेल्या सुरावर पडतात आणि तुमच्यापर्यंत यायला पुन्हा वेळ घेतात. त्यांच्याशी जुळवायला गेलात की संपलं. मी यातच अडकलो होतो. ऑर्गनमधून थेट हेडफोन लावा, दोन्ही कान झाका, लय पायात धरा. घरी मुद्दाम डिले लावून, म्हणजे सूर उशिरा ऐकू येईल असं करून सराव करा. सुरुवातीला डोकं उठतं, पण कान सरावतो. खरंच सरावतो.

दुसरं, वेळ. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत, 2023पासून पिच क्लॉक आहे, म्हणजे पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) किती वेळात चेंडू टाकायचा याचं घड्याळ: बेस रिकामे असतील, म्हणजे तिथे धावणारा कुणी नसेल तर 15 सेकंद, रनर असेल तर आता 18. पिचर सज्ज झाला की हात पट्ट्यांवरून वर, तुकडा अर्धा राहिला तरी. म्हणून प्रेक्षकांच्या ‘चार्ज!’च्या आरोळीआधीच्या सहा सुरांसारखे छोटे तुकडे तयार ठेवा.

लॅपटॉपवर तयार क्लिप लावणाऱ्याला मी वादक मानत नाही. संघाचा मॅनेजर डगआउटमधून (मैदानाकडेच्या संघाच्या बाकांवरून) पिचरकडे चालत निघालाय, हे क्लिपला कुठे कळतं? आणि पाचशे गाण्यांची यादी हातात देणाऱ्या गुरूपेक्षा एखाद्या जुन्या वादकाशेजारी नऊ इनिंग गप्प बसणं जास्त शिकवतं. शिकागोच्या रिग्ली फील्डवर 1941मध्ये मेजर लीगमधला पहिला ऑर्गन वाजला, पण खेळाडूच्या नावाला शोभेल असं गाणं तिथल्या तिथे शोधायची कला बघायची तर नॅन्सी फाउस्ट ऐका. शिकागोच्याच व्हाइट सॉक्स संघासाठी त्या 1970 ते 2010 वाजवत होत्या.

अंपायरची टिंगल मात्र अजिबात नको. फ्लोरिडात क्लिअरवॉटरला 1985मध्ये विल्बर स्नॅप यांनी वादग्रस्त निर्णयानंतर तीन आंधळ्या उंदरांचं बडबडगीत वाजवलं आणि अंपायरने त्यांना सामन्यातून बाहेर काढलं.

सातव्या इनिंगच्या मध्यंतराला प्रेक्षक उभे राहून गातात, त्याला घाबरू नका. ‘टेक मी आउट टू द बॉल गेम’ सगळ्यांना पाठ असतं. पट्टी खालची घ्या, आधी दोन ओळी नुसत्या वाजवून लोकांना उठायला वेळ द्या. मग गर्दी मागे राहिली तरी तिच्यासाठी थांबू नका; फक्त शेवटची ओळ थोडी ताणा.