हूडची फ्रेम बसवताना आट्यांचा घोळ: या चुका टाळा

जुन्या उघड्या गाडीच्या हूडचं, म्हणजे दुमडत्या छपराचं, कापड नवं झालं, फ्रेमला रंग लागला, आता फक्त स्क्रू आवळायचे राहिलेत. नेमकी इथेच सगळ्यांना घाई सुटते. जुने स्क्रू गंजले म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून मूठभर एम-६, म्हणजे ६ मिमीचे मेट्रिक स्क्रू, येतात आणि विलायती गाडीच्या पाव इंची भोकात पिळले जातात. वर ऐकवायचं, ‘जातोय की आत!’

आत गेला म्हणजे बसला, असं समजणं

एम-६ आत जातो, हेच तर दुखणं आहे. पाव इंच, म्हणजे आपल्या बाजाराच्या भाषेत दोन सूत, हा व्यास ६.३५ मिमी. एम-६ चा ६. शिवाय त्या भोकात युएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे असतात: इंचाला २८, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर ०.९१ मिमी, एम-६ चं १ मिमी. फ्रेम जिथे गाडीला जोडलेली असते आणि फिरते, त्या पिव्हट ब्रॅकेटमागची आट्यांची पट्टी ३ मिमी जाड असेल, तर त्यात आटे मावतात जेमतेम तीन. तेवढ्यात अंतराचा फरक व्यासाच्या ढिलेपणात लपून जातो. स्क्रू शेवटपर्यंत जातो, डोकं टेकतं, हाताला घट्टही लागतो. प्रत्यक्षात भार एक-दीड आट्याच्या टोकावर असतो.

पुढे काय होतं, ते ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये दुरुस्तीला आलेल्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश गाडीवर स्पष्ट दिसत होतं. दोन्ही बाजूंना एम-६. हूड लावून गाडी घोडबंदर रोडवरून नेली की वारा कापडाला वर ओढतो आणि खड्डे फ्रेमला खाली आपटतात. एका ब्रॅकेटचा वरचा स्क्रू आटे खाऊन सुटला, सगळा भार खालच्यांवर आला आणि ब्रॅकेट वाकला. फ्रेम तिरकी दुमडू लागली, तिच्या पायाने मागच्या पत्र्याचा रंग खरवडला आणि कापड कोपऱ्यात फाटलं. यावर आधीच्या गॅरेजचा उपाय काय, तर त्याच भोकात एम-६ चा टॅप (आटे कापायचं हत्यार)! पाव इंची युएनएफचं भोक मुळात ५.५ मिमीचं, एम-६ ला लागतं ५ मिमी. टॅपला कापायला नवा धातू उरलेलाच नव्हता. होते तेवढे आटेही गेले.

अशा वेळी आधी १/४-२८ चा टॅप तेल लावून हाताने फिरवून बघायचा. पट्टी पत्र्याच्या खोबणीत सैल असते, म्हणून ती मागून धरायची, नाहीतर टॅपबरोबर हलत राहते. आटे धरत नसतील तर सरळ नवी पट्टी करावी: ५ मिमी जाड माइल्ड स्टील, ५.५ चं ड्रिल, १/४-२८ चा टॅप. रबाळे-महाप्यातला कुठलाही लेथवाला नमुन्यावरून करून देईल. हेलिकॉइल (भोकात बसवायची आट्यांची तारेची गुंडाळी) इथे नको, ३ मिमीच्या पट्टीत त्याला धरायला जागाच नाही. अडीच सुताचा स्क्रू घालायचा तर ब्रॅकेटचं भोकही मोठं करावं लागतं, आणि एकदा ते मोठं केलं की पुन्हा लहान होत नाही. पट्टी वेल्डिंगने पक्की करण्याचा शहाणपणाही नको. ती हलती ठेवलेली असते, कारण फ्रेम जागेवर आणायला ते सरकणं लागतं.

न मोजता अंदाज बांधणं

कॅलिपरवर जुना स्क्रू ६.१ च्या वर भरला तर तो एम-६ नाही, विषय संपला. अडीच सुतात मात्र व्यास फसवतो: ५/१६ म्हणजे ७.९४ आणि एम-८ म्हणजे ८. झिजल्यावर दोन्ही सारखेच. तिथे दहा आट्यांची लांबी मोजा. एम-८ असेल तर १२.५ मिमी, ५/१६ युएनएफ असेल तर १०.६. पाव इंचात युएनएफ ९.१ आणि बीएसएफ (जुना ब्रिटिश बारीक आटा) ९.८ भरतो. बीएसएफचा कोन ५५ अंश, युएनएफचा ६०, म्हणून पिच गेजही (आटे जुळवून बघायच्या पट्ट्या) दोन्ही कोनांचा हवा.

साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या ब्रिटिश गाड्यांत बीएसएफ, व्हिटवर्थ आणि बीए हे जुने ब्रिटिश आटे. नंतर बहुतेक युएनएफ. एमजी टीडीचं इंजिन तर आणखी वात्रट: आटे मेट्रिक आणि बोल्टच्या डोक्याला पाना व्हिटवर्थचा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जाताना नमुन्याचा नट खिशात ठेवा. नुसतं ‘दोन सूत, बारीक आटे’ म्हणालात तर युएनएफ मिळेल की बीएसएफ, ते दुकानदाराच्या हाताला काय लागतं त्यावर.

एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा लावणं

निम्मे आटे चुकीच्या स्क्रूने जातात, उरलेले बरोबर स्क्रू तिरका घालून. पहिला आवळला की ब्रॅकेट तिथेच अडकतो, दुसऱ्याचं भोक अर्धा मिमी सरकतं आणि लोक पाना लावून त्याला वळवतात. सगळे स्क्रू आधी बोटांनी दोन-तीन फेरेच द्यावेत. सुरुवात उलट्या फेऱ्याने करायची. ‘टक’ झालं, स्क्रू किंचित खाली बसला, की तिथून सुलटा. बोटांनी दोन फेरे गेला नाही तर बाहेर काढायचा. मग हूड उभं करून पुढची पट्टी काचेच्या चौकटीवर खटक्यांनी बंद करावी, दारांच्या काचा वर करून फट पाहावी आणि त्यानंतरच दोन्ही बाजूंचे स्क्रू आलटून पालटून आवळावेत. यात तास जातो. ज्यांना तो द्यायचा नाही त्यांनी हूडच्या वाटेला जाऊ नये.

बाकीच्या चुका, थोडक्यात

बॅटरीचा ड्रिल-ड्रायव्हर या कामात नकोच. तिरका गेलेला स्क्रू हाताला कळतो, मशीनला नाही.

स्क्रूच्या चपट्या डोक्याचा कोन बघा: मेट्रिक ९० अंश, अमेरिकन ८२. जुळला नाही तर डोकं कडेवरच टेकतं आणि आठवड्यात ढिलं होतं.

पोझिड्राइव्ह खाचेत फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर घातला की खाच गोल होते.

ढिल्या आट्यांवर टेफ्लॉन टेप, एम-सील किंवा लाल लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावणं म्हणजे पुढच्या माणसाला शिव्या घालायची सोय. योग्य आट्यांवर निळं लॉकटाइट, एक थेंब, पुरतं.

आवळण्याआधी स्क्रूची लांबी मागून तपासा. ५ मिमी जादा स्क्रू दाराच्या मागच्या बाजूला काय काय टोचेल, हे काच खाली केल्यावर कळून उपयोग नाही.

खाडीच्या खाऱ्या हवेत साधा झिंकवाला स्क्रू एका पावसाळ्यात पांढरा पडतो. स्टेनलेस चालेल, पण आट्यांना अँटी-सीझ (आटे एकमेकांना धरू नयेत म्हणूनची पेस्ट) लावून. कोरडा घातला तर तो जागीच धरतो आणि काढताना डोकं तुटून हातात येतं.